ग्रीसगन : निवड आणि वापर

(प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आज आपण ग्रीसगनविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, यात बोलण्यासारखे काय आहे? निपलला तोंड लावायचे आणि दांडा दाबायचा. पोरसुद्धा करील. खरे आहे. पण ऐन सुगीत मळणीयंत्र उभे राहते, ऊस भरलेली ट्रॉली रस्त्यात चाक सोडते, तेव्हा मेकॅनिक येऊन बेअरिंग उघडतो आणि पहिला शब्द हाच काढतो, "ग्रीस कधी मारलं होतं?" मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. म्हणून हा विषय घेतला.

इथे बैलगाडी हाकलेली वडीलधारी माणसे बसली आहेत. त्यांना वंगण नवे नाही. गाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असायचे. त्यात एरंडेल आणि चिंधी. लांबच्या बाजाराला निघायचे तर आधी चाक सरकवून आसाला वंगण द्यायचे, मगच बैल जुंपायचे. विसरलात तर चाक स्वतः ओरडून सांगायचे. कुरकुर अर्ध्या गावाला ऐकू जायची. ट्रॅक्टरचे बेअरिंग तसे सांगत नाही. इंजिनाच्या आवाजात त्याची कुरकुर बुडून जाते. ती ऐकू येते तेव्हा आतल्या गोळ्या खाऊन गेलेल्या असतात.

आता ग्रीस म्हणजे काय ते आधी बघू. ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेले तेल. चमकू नका. अंगाला लावतो तो साबण नव्हे, पण जात तीच. स्पंज पाणी धरतो तसा हा साबण तेल धरतो. बेअरिंग फिरू लागले की त्यातून थोडे थोडे तेल सुटते आणि गोळ्यांना मिळते. नुसते तेल घातले असते तर ते केव्हाच गळून गेले असते. ग्रीसचा दुसरा गुण असा की ते कडेला बसून धूळ, भुसा आणि पाणी अडवते. आपल्या शेतात हा दुसरा गुण पहिल्याइतकाच कामाचा आहे.

साबण कशाचा, यावर ग्रीसचा प्रकार ठरतो. चुन्यापासून केलेल्या साबणाचे साधे ग्रीस स्वस्त असते. पाण्याला ते चांगले दाद देत नाही, पण उष्णता त्याला सोसत नाही. शंभर अंशांच्या आसपास ते वितळून गळू लागते, आणि रोजच्या कामात त्याला साठ अंशांच्या वर नेऊ नये. लिथियमच्या साबणाचे ग्रीस पाणीही सोसते आणि उष्णताही. ते वितळायला एकशे ऐंशी अंशांच्या आसपास जावे लागते. ट्रॅक्टर, ट्रॉली, मळणीयंत्र, मोटार या सगळ्यांना बहुतेक ठिकाणी लिथियमचे ग्रीस चालते. चाकाच्या हबला साधे चुन्याचे ग्रीस भरू नका. चार पैसे वाचतील, पण उतारावर ब्रेक तापले की ते पातळ होऊन ब्रेकच्या लायनिंगवर उतरेल. मग भरलेली ट्रॉली कशी थांबवाल?

डब्यावर आणखी एक आकडा असतो. एन.एल.जी.आय. अशी इंग्रजी अक्षरे असतात आणि पुढे 0, 1, 2 किंवा 3. हा घट्टपणाचा आकडा आहे. शून्य म्हणजे पातळ खिरीसारखे, तीन म्हणजे घट्ट. आपल्याला बहुधा दोन नंबर लागते. तेच सगळ्यात जास्त खपते. मंडळी, तुम्ही आता अक्षरे आणि अंक ओळखता. दुकानात डबा हातात घ्या, फिरवा, हा आकडा शोधा. दुकानदार म्हणेल, "लाल ग्रीस चांगलं, ते न्या." लाल, निळे, पिवळे, हिरवे हा सगळा रंग आहे. ओढणी रंगवावी तसा कंपनी तो घालते. रंगावरून ग्रीसची जात कळत नाही. डब्यावर काय लिहिले आहे, त्यावरून कळते.

दोन जातींचे ग्रीस एकत्र करू नये, हेही इथेच सांगून टाकतो. काही जातींचे एकमेकांशी पटत नाही. लिथियमच्या ग्रीसमध्ये मातीपासून केलेले ग्रीस मिसळले, तर दोन्ही बिघडून ताकासारखे पातळ होऊ शकते. पुष्कळ विजेच्या मोटारींत कारखान्यातून पॉलीयुरिया नावाचे ग्रीस भरून येते, त्याचेही लिथियमशी नेहमी जमतेच असे नाही. म्हणून शेजाऱ्याची गन आणली तर आधी विचारा, "आत कोणतं ग्रीस आहे?" गन उसनी आणायला हरकत नाही. पण आतल्या ग्रीसची जात ठाऊक नसेल, तर ते काढून आपले भरा. मला तर वाटते, ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याच्या घरी स्वतःची गन हवीच. लाखांचे यंत्र घ्यायचे आणि गनसाठी आळीभर फिरायचे, हे शोभत नाही.

आता गन कोणती घ्यावी?

बाजारात हाताच्या तीन तऱ्हा दिसतात. एक लांब दांड्याची. एका हाताने नळा धरायचा, दुसऱ्याने दांडा दाबायचा. दुसरी पिस्तुलासारखी, एका हाताने चालणारी. तिसरी लहान, ढकलायची. तिचे तोंड निपलवर टेकवून मागून रेटा द्यायचा. ढकलायची गन सायकल-मोटारसायकलला ठीक आहे. ट्रॅक्टरचे गच्च झालेले निपल तिला ऐकत नाहीत. पिस्तुलाची गन अडचणीच्या जागी सोयीची, कारण एक हात मोकळा राहतो. पण तिला जोर कमी आणि दिवसभर दाबून पंजा दुखतो. शेतकऱ्याने एकच घ्यायची असेल तर दांड्याची घ्यावी. याशिवाय बादलीचा पंप असतो, हवेवर चालणारी गन असते, बॅटरीची असते. ऊसतोडणी यंत्राला रोज पुष्कळ जागी ग्रीस लागते, तिथे बादलीचा पंप परवडतो. सोसायटीने किंवा बचत गटाने मिळून घेतला तर जास्त बरा.

गन घेताना नळ्याचा पत्रा बोटाने दाबून बघा. दबला तर ठेवून द्या, कारण नळा चेपला की आतला दट्ट्या अडकतो. डोक्याचे आटे दोनतीनदा फिरवून बघा. आडवे बसत असतील तर नको. मागची सळई ओढल्यावर खाचेत अडकून राहिली पाहिजे. पुढे ताठ नळी असते तशी लवचीक रबरी नळीही मिळते. दोन्ही घ्या, फार पैसे पडत नाहीत. ट्रॅक्टरच्या पोटाखाली ताठ नळी पोचत नाही. मात्र नळी त्या गनच्या दाबाला चालणारी असावी. तो दाबाचा आकडा तिच्यावर छापलेला असतो. पाण्याची किंवा डिझेलची नळी कापून कधी जोडू नका. का, ते पुढे सांगतो.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे गनचे तोंड. याला कपलर म्हणतात. त्याच्या आत तीन-चार लहान जबडे असतात, ते निपलची मान धरतात. आणि निपल म्हणजे काय? बेअरिंगच्या घरावर ते लहानसे बोंड दिसते ना, तेच. त्याच्या तोंडाशी एक बारीक गोळी असते आणि मागे स्प्रिंग. ग्रीस आले की गोळी मागे सरते, ग्रीस थांबले की पुन्हा दार लावते. ऑस्कर झेर्क नावाच्या गृहस्थाला 1929 साली अमेरिकेत याचे पेटंट मिळाले. एवढ्याशा बोंडाने जगभरची यंत्रे सोपी केली. त्याआधी यंत्राच्या जागोजाग पेल्या बसवलेल्या असत आणि त्या एकेक करून भराव्या लागत.

दुकानात रिकामी गन दाबून काही कळत नाही. दुकानदाराला थोडे ग्रीस भरायला सांगा आणि बाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीच्या निपलला लावून बघा. ग्रीस आत जायच्या ऐवजी कपलरच्या कडेने भसाभस बाहेर येत असेल तर कपलर वाईट. कपलर, दट्ट्याचे रबर आणि वायसर सुटे मिळतात की नाही, हेही विचारा. सुटे भाग न मिळणारी गन एका हंगामाची पाहुणी.

गन भरताना घाई नको. मागची सळई पूर्ण ओढून खाचेत अडकवा. डोके फिरवून काढा. डब्यातल्या ग्रीसमध्ये नळ्याचे उघडे तोंड बुडवून सळई हळूहळू ओढली, तरी ग्रीस आत खेचले जाते. हाताने भरत असाल तर गोळे टाकू नका, मध्ये हवा राहते. नळा मधूनमधून लाकडावर आपटा म्हणजे ग्रीस खाली बसेल. डोके लावा, पण शेवटचा एक आटा ढिला ठेवा. सळई खाचेतून सोडा. आता आठदहा वेळा दांडा दाबा. ढिल्या आट्यातून फुसफुस हवा निघेल आणि मागून ग्रीस दिसेल. मग डोके आवळा. "गन नवी आहे पण ग्रीस येतच नाही," अशी तक्रार घेऊन जी माणसे दुकानात परत जातात, त्यांतल्या पुष्कळांच्या गनमध्ये नुसती हवा अडकलेली असते.

ग्रीसचा डबा उघडा ठेवू नये. भुश्याचा एक कण, वाळूचे दोन खडे आत गेले की ते गनमधून सरळ बेअरिंगमध्ये जाणार. ग्रीस घालतो म्हणता म्हणता आपण पॉलिश कागद घालत असतो. डब्यात वरती थोडे तेल सुटलेले दिसले तर घाबरू नका. स्वच्छ काठीने ढवळून घ्या आणि वरचा थर सपाट करून झाकण लावा. खड्डा राहिला तर त्यात तेल साचत जाते.

आता प्रत्यक्ष ग्रीस मारणे. इंजिन बंद. किल्ली काढून खिशात. रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्राला जोडणारा पीटीओचा दांडा फिरत असताना त्याच्याजवळ गनसुद्धा नेऊ नका. धोतराचा सोगा, पदर, गळ्यातला टॉवेल त्याने एकदा धरला की सुटत नाही, आणि तो मिनिटाला पाचशे-साडेपाचशे फेरे फिरतो. "चालू असताना ग्रीस चांगलं पसरतं" असे सांगणारे शहाणे गावोगाव भेटतात. त्यांचे ऐकू नका.

आधी निपल फडक्याने पुसा. मग कपलर सरळ टेकवून दाबा, टक् असा आवाज येतो. वाकडा लावला तर ग्रीस बाहेर येते. दांडा सावकाश दाबा. झाल्यावर कपलर सरळ मागे ओढू नका, थोडा तिरका करून काढा, सहज सुटतो. निपलच्या तोंडावर थोडे ग्रीस राहू द्या, ते झाकणाचे काम करते.

किती मारायचे? इथे लोक दोन टोके गाठतात. कुणी महिनोन् महिने मारत नाही, तर कुणी मारू लागला की डबा संपेपर्यंत थांबत नाही. जागा बघून ठरवावे. पुढच्या चाकांच्या स्पिंडलला, तीन सांध्यांच्या पिनांना, ट्रॉलीच्या फिरत्या चकतीला, पाट्याच्या शॅकलला जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत मारा. पीटीओ दांड्याच्या क्रॉसला चार टोके असतात. चारही टोकांतून ग्रीस डोकावले पाहिजे. तीनमधून आले आणि चौथ्यातून नाही, तर ते चौथे टोकच पुढे तुटणार. बाहेर आलेल्या ग्रीसची कड पिनेभोवती राहू द्या, तिने चिखल अडतो.

स्पिंडलची एक गोष्ट लक्षात ठेवा. ट्रॅक्टर जमिनीवर उभा असताना सगळा भार खालच्या बाजूला असतो. तिथे फट नसते, म्हणून ग्रीस वरच्या वर फिरून बाहेर येते. पुढचा आस जॅकने थोडा उचला, खाली लाकडी ओंडके द्या, मग मारा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका.

वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगचा हिशेब निराळा. विजेची मोटार, पंखा, मळणीयंत्राचा ड्रम. यांत गच्च ग्रीस भरले तर गोळ्या त्याला घुसळत बसतात आणि बेअरिंग तापते. मोटारीत तर जास्तीचे ग्रीस सील फोडून तारांच्या गुंडाळीवर जाते. बेअरिंग कंपन्यांनी याचा सोपा हिशेब दिला आहे. बेअरिंगचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला रुंदीने गुणा आणि दोनशेने भागा. येईल तितके ग्रॅम ग्रीस एका वेळी पुरे. उदाहरणार्थ 6207 नंबरचे बेअरिंग. बाहेरचा व्यास 72, रुंदी 17. गुणाकार 1224. दोनशेने भागले की सहाच्या थोडे वर. म्हणजे सहा ग्रॅम. चमचाभर. आणि आपण पंचवीस दाब मारतो!

पण आपल्या गनचा एक दाब म्हणजे किती ग्रॅम? कागदावर दहा दाब काढा आणि किराणा दुकानातल्या लहान काट्यावर कागदाचे वजन वजा करून तोला. दहा ग्रॅम भरले तर एका दाबाला एक ग्रॅम. बहुतेक दांड्याच्या गन याच्या आसपास असतात, पण आपली आपण तोलून बघावी. तो आकडा गनच्या नळ्यावर रंगाने लिहून ठेवा. ज्या बेअरिंगवर झेड-झेड किंवा 2आर-एस अशी अक्षरे दोन्ही बाजूंच्या झाकणासाठी असतात, त्यांत कारखान्यातच ग्रीस भरलेले असते. त्यांना गन लागत नाही.

किती दिवसांनी, हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. चिखलातल्या कामात पुष्कळ जागांना दर दहा तासांनी सांगितलेले असते. दहा तास म्हणजे एक दिवसाचे काम. भातखाचरात चिखलणी केली की त्या संध्याकाळी रोटाव्हेटर आणि पुढची चाके यांना ग्रीस मारल्याशिवाय घरी जाऊ नका. ट्रॅक्टर धुतल्यावरही लगेच मारा, आत शिरलेले पाणी बाहेर पडेल. कोरड्या कामात मुदत थोडी लांबते. ट्रॅक्टरवर तासांचा मीटर आहेच. एका वहीत तारीख, मीटरचा आकडा आणि कोणत्या जागा झाल्या ते लिहा. एका घरात बाप, मुलगा आणि ड्रायव्हर असे तिघे ट्रॅक्टर चालवतात. प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने ग्रीस मारले असेल. वही असली की हे वाटणे थांबते.

निपल ग्रीस घेत नसेल तर? दांड्याला लटकू नका. आधी त्याच निपलवर कपलर पुन्हा नीट बसवा. तरी नाही, तर पान्याने निपल काढा. ते बाहेर असताना गन लावून बघा. तरीही ग्रीस जात नसेल, तर निपलच गच्च आहे. नवे बसवा. चहाच्या किमतीचे ते बोंड आहे, त्यासाठी बेअरिंग गमवू नका. मात्र जुने निपल सोबत नेऊन तोच आटा आणा. दोन आटे दिसायला सारखे असतात, पण बसत नाहीत. निपलमधून ग्रीस जात असेल, तर वाट आत बुजली आहे. जुने ग्रीस वाळून दगड झालेले असते. थोडे डिझेल सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी बारीक तारेने साफ करा. विस्तव लावून मोकळे करायला जाऊ नका.

पिठाची गिरणी आणि मिरची कांडप चालवणाऱ्या ताई इथे आहेत. त्यांना एक सांगतो. जिथून ग्रीस पिठात किंवा तिखटात पडण्याची शक्यता आहे, तिथे ट्रॅक्टरचे ग्रीस नको. खाण्याच्या पदार्थांच्या यंत्रांसाठी वेगळे ग्रीस मिळते. डब्यावर एच-1 असे लिहिलेले असते. त्याची गनही वेगळी ठेवा.

आता त्या रबरी नळीकडे येतो. जीपच्या टायरात हवेचा दाब तीस-पस्तीस पौंड असतो. हाताने दाबायच्या ग्रीसगनमध्ये तो पाच हजार, दहा हजार पौंडांपर्यंत चढू शकतो. एवढ्या दाबाने नळीच्या बारीक भोकातून निघालेले ग्रीस कातडी भेदून सरळ बोटात शिरते. सुईने टोचल्यासारखा एक ठिपका दिसतो, रक्तही येत नाही. सुरुवातीला फारसे दुखत नाही. माणूस म्हणतो, काही नाही, हळद लावू. काही तासांत बोट सुजते, आत मांस मरू लागते आणि मग बोट कापावे लागते, कधी कधी हात. म्हणून नळी गळते का ते हात फिरवून बघू नका, पुठ्ठा धरून बघा. कपलर निपलवर बसवून बोटाने दाबून धरू नका. आणि असा ठिपका अंगावर उठलाच, तर ती मलमपट्टीची जखम नव्हे. चोळू नका, पिळू नका. लगेच, त्याच घटकेला, शस्त्रक्रिया होते अशा मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "ग्रीसगनचा दाब बोटात शिरला आहे." जखम लहान दिसते म्हणून दारावरचा माणूस थांबवील. थांबू नका. जवळ ग्रीसचा डबा असेल तर तोही न्या, म्हणजे आत काय गेले ते डॉक्टरांना वाचता येईल.

काम झाल्यावर गन पुसा. सळई मागे ओढून खाचेत अडकवा. नाहीतर स्प्रिंग रात्रंदिवस ग्रीस दाबत राहते आणि त्यातले तेल पिळून निघते. कपलरवर प्लास्टिकची पिशवी बांधा. गन गोठ्यात जमिनीवर टाकू नका, खुंटीला टांगा.

बाहेर ट्रॉली उभी आहे आणि अजून उजेड आहे. दोघादोघांनी या. एकाने निपल मोजायचे आणि वहीत लिहायचे, दुसऱ्याने मारायचे. त्या चकतीखाली एक निपल चिखलात लपलेले आहे, ते आधी शोधा.